बत्तीस बोअरचा परवाना

१३ सप्टेंबर २००२, शुक्रवार

पिस्तूल जड असतं!

पन्नाशी आली आणि ही गोष्ट मला आज कळली. सिनेमात लोक रुमाल काढावा तसं खिशातून काढतात. आज हातात घेतलं तर मनगटच खाली गेलं. आणि गार! एसीत पडून पडून गार झालेलं. मी चटकन टेबलावर परत ठेवलं आणि पुन्हा उचललं. का उचललं, देव जाणे.

अण्णांनी आज नेमबाजीच्या क्लबात नेलं. दुबई शहर संपून वाळू सुरू होते तिथे एक लांबलचक पांढरी इमारत. मला वाटलं, हे शिकतील, मी काचेमागे थर्मास घेऊन बसेन. तर म्हणाले, "आत यायचं तर प्रत्येकाचा फॉर्म लागतो. कर सही." दोन फॉर्म, दोन्हीवर पेन्सिलीच्या फुल्या तयार. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. अण्णांनी पेन्सिलीने फुली करायची आणि मी तिथे सही ठोकायची. बँक, व्हिसा, गावच्या घराचे कागद — काही वाचलंय कधी? छे! वाचायला तो माणूस आहे ना. सही झाली की अण्णा खोडरबराने फुली पुसतात, आमचा संसार पुढे सरकतो.

शिकवणाऱ्याचं नाव मुनीर मुकादम. नाव ऐकून मी हिंदी सुरू केली, तर म्हणतो, "वहिनी, मराठीत बोला हो. मी म्हसळ्याचा." पंधरा वर्षं नेव्हीत होता. आवाज इतका हळू की माणूस देवळात बोलतोय असं वाटावं. पहिला धडा एकच — तोंड कायम समोर, कागदाकडे. बोट चापावर नाही, बाहेर. "हे रिकामं आहे म्हणून मी सांगितलं तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा नाय. स्वतः बघायचं."

अण्णांना तासाला दीडशे दिरहम जास्त वाटले नाहीत. दोन हजार रुपये! एरवी हाच माणूस पार्किंगचे दोन दिरहम वाचवायला तीन गल्ल्या फिरतो.

एप्रिलमध्ये अल क्वोजचं वर्कशॉप बंद करून आम्ही कायमचे गावी जाणार. परवान्याचा अर्ज मेमध्येच करून झालाय. अण्णा म्हणतात, "परवाना येईपर्यंत हात बसायला हवा. तिकडे कोण शिकवणार?"

१४ सप्टेंबर

कानात अजून आवाज आहे. शिलाई मशीन आज मुकं वाटलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लागला! लागला!! लागला!!!

शांतपणे लिहायला हवं. पण कसं लिहू?

आधी अण्णा उभे राहिले. छोटं टू-टू पिस्तूल, शिकणाऱ्यांना देतात ते. दहा गोळ्या. बटण दाबलं की कागद तारेवरून सरसरत परत येतो, दोरीवरचं धुणं वाऱ्याने यावं तसा. कागदावर भोकं तीन, तीही कडेला. बाकीच्या सात कुठे गेल्या, वाळूला माहीत. अण्णा हसले. "वय झालं. भामे, तू बघ गं जरा."

मी म्हटलं, मी कशाला? तर आधीच माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवलेले.

मुनीरभाई म्हणाले, नळीच्या टोकावर तो उंचवटा आहे ना, त्याला माशी म्हणतात. नजर माशीवर. कागद अंधुक दिसला तरी चालेल. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. मग चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत जायचा. "कधी सुटली ते तुमचं तुम्हालाच कळता नये."

मी श्वास अर्धा सोडून थांबले आणि एकदम ओळखीचं वाटलं. सुईत दोरा ओवताना मी हेच करते! तीस वर्षं! एक डोळा बारीक, श्वास अर्धा, हात स्थिर, आणि सगळं जग त्या एका भोकाएवढं.

कागद परत आला. दहाच्या दहा आत. सहा तर एका लिंबाएवढ्या जागेत.

मुनीरभाईंनी कागद दोनदा बघितला, मग मला बघितलं. "आधी कुठं शिकलात?"

"ब्लाउज शिवते," म्हटलं.

ते हसले नाहीत. मान हलवली फक्त. परतताना गाडीत मी माझ्याच हाताकडे बघत होते. नखांखाली खडू, बोटाला सुईची घट्टी, आणि याच हातात हे होतं इतकी वर्षं! कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बर दुबईतल्या निम्म्या बायकांच्या बाह्या मापात बसवल्या, पण हे? अंगावर काटा येतोय लिहिताना.

अण्णा मात्र स्वतः हरलेत असं वाटतच नव्हतं. सिग्नलला गुणगुणत होते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अंतराला कागद दाखवला. सतरा वर्षांची झाली, कौतुक करील म्हटलं. "आई, धिस इज सो वियर्ड. पीपल्स मॉम्स प्ले हाऊझी." आणि अर्ध्या तासाने हळूच येऊन विचारते, "कॅन आय कीप इट?" नाही दिला. माझा आहे.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली ते एकदा लिहून ठेवते.

अलिबागच्या पुढे, वाडीत, आम्ही घर बांधलंय. खिडक्या अण्णांनी स्वतः केल्या, अल क्वोजच्या वर्कशॉपात, आणि कंटेनरने पाठवल्या. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नाही. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. त्यातली एक खिडकी सात फुटी, समुद्राकडची — माझं मशीन तिथे ठेवायचं म्हणून. आयुष्यभर ट्यूबलाइटखाली शिवलं, आता उजेडात शिव, म्हणाले होते.

आणि मागच्या दिवाळीनंतर शेजारी सामंत मास्तरांकडे भर दुपारी तिघं आले. पाणी मागायला. मास्तरांना खुर्चीला बांधलं. काकूंच्या पाटल्या निघेनात तेव्हा मनगट पिरगाळलं. मोडलं ते. मेमध्ये गेलो तेव्हा मी त्यांना भेटले. काकू दाराला आतून तीन कड्या लावतात आणि कडी वाजली की आधी स्वयंपाकघरात पळतात.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं, मी या घरात राहायची नाही. राहायचं तर सगळ्या खिडक्यांना जाड गज बसवा. अण्णा म्हणाले, "जन्मभर लोकांच्या खिडक्या केल्या. स्वतःच्या घराचा पिंजरा करू?" मग दोन दिवसांनी परवान्याची कल्पना काढली.

तेव्हा चौकशीला एक हवालदार आला होता, त्याची आठवण येऊन हसू येतं. अण्णा नेमके विहिरीवर, पंप बघत. त्यामुळे तो माझ्याशीच बोलत बसला. दुबईत किती वर्षं, कुणाशी वैर आहे का, रात्री झोप लागते का. शेवटी विचारतो, "बाई, राग येतो का फार?" मी म्हटलं, येतो तर! विचारा यांना! त्याने तेही वहीत लिहिलं. मला वाटलं, पोह्यांची दुसरी बशी हवी म्हणून वेळ काढतोय. दिलीही. अलिबागला साहेबांपुढेही मला नेऊन बसवलं. घरातल्या दोघांनाही विचारतात म्हणे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज निवड! नुसती साडी घ्यायची तर अण्णा दुकानाबाहेर उभे राहतात. आज दोन तास एकेक हत्यार बघत होते.

मुनीरभाईंनी टेबलावर पाच मांडली. काळी, राखाडी, एक चकचकीत. नऊ एमएम अंतराला आवडेल असं देखणं. पण ते आपल्याकडे चालत नाही, फौजेचं माप, सामान्य माणसाला परवाना नाही. आपल्याला बत्तीस बोअर. गावी गेल्यावर सरकारी कारखान्याचं घ्यायचं. इथे फक्त ठरवायचं, पिस्तूल की रिव्हॉल्वर.

पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचावा लागतो. स्प्रिंग अशी कडक की माझ्या अंगठ्याचं साल निघालं. रिव्हॉल्वर साधा. सहा घरांचं चक्र, सहा गोळ्या, बंद करा, झालं. अडकणं नाही, खेचणं नाही. पण चाप जड. "बायकांना जड जातो," मुनीरभाई म्हणाले. मी दाबला. ते म्हणाले, "ह्या बोटात ताकद कुठून आली?" कात्री, म्हटलं! सुटिंगचे चार पदर कापून बघा!

अण्णा प्रत्येक हत्यार आधी माझ्याच हातात देत होते. धर बघू. जड आहे? मूठ पुरते का? बोट पोचतं? आणि मुनीरभाईंना विचारतात, "मनगटाला झटका किती बसेल?" स्वतः मात्र कशालाही बरं-वाईट म्हणेनात. "तुझ्या हाताला कळतं," म्हणतात. इतकी वर्षं भाजीत मीठ किती हे सुद्धा मला सांगणारा माणूस!

१५ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा. सकाळी अल क्वोजला. ड्रिल, कटर, मोठं करवती मशीन — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. कामगारांना पेढे. मल्याळी, पठाण, बिहारी सगळे हात जोडून उभे. या वर्कशॉपचा हा शेवटचा दसरा. अण्णांनी करवतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

घरी देवापुढे मी नेहमीसारखी माझी कात्री आणि मशीनची बॉबिन ठेवली. वळून बघते तर अण्णांनी शेजारी माझा कागद ठेवलाय! तो दहा भोकांचा! वर अक्षता!

"अहो, हे काय?"

"शस्त्र अजून आलं नाही. विद्या तर आली," म्हणाले.

मी नमस्कार केला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. कशाला होतं, सांगता येणार नाही. माझ्या कामाला कुणी देवापुढे ठेवेल असं मला वाटलंच नव्हतं कधी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मुनीरभाईंनी गेल्या शुक्रवारी पुठ्ठ्याचा रिव्हॉल्वर कापून दिला. मापाला. बाहेर नेताना हत्यार कुणाला दिसता कामा नये, आणि नुसतं पिशवीत टाकूनही चालत नाही. स्वतंत्र कप्पा हवा. त्यात किल्ली नाही, कंगवा नाही, रुमाल सुद्धा नाही. चाप पूर्ण झाकलेला हवा. कापड असं कडक हवं की बाहेरून दाबलं तरी आत बोट लागू नये.

अण्णा म्हणाले, "भामे, खांद्याची पिशवी शिव. गावाला मी पिशवी घेऊनच फिरेन."

देराच्या बाजारातून ताडपत्रीचं जाड कापड आणलं. दोनदा उसवलं. पहिल्यांदा इलॅस्टिक लावलं — मुनीरभाईंनी पुठ्ठा घालून पिशवी हलवली आणि मान हलवली. दुसऱ्यांदा टिचबटण लावलं — आवाज होतो. आता वरून आडवी झाप, आत दुहेरी शिवण. हात सरळ जातो आणि मूठ बरोबर मुठीवर पडते. अशी पिशवी मी जन्मात शिवली नव्हती! बाहेरून बघाल तर भाजीची.

एक घोळ झाला. पट्टा कापताना सवयीने स्वतःच्याच खांद्यावर मोजला. अण्णांना आखूड! मी उसवायला घेतला तर म्हणाले, "राहू दे. चालतंय."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काहीतरी बिनसलं.

अण्णांना रिव्हॉल्वर भरायचा होता. पहिली गोळी घरात जाईना. भोकाच्या कडेला टकटक वाजत राहिली. दुसरी हातातून पडली. घरंगळत टेबलाखाली. मी खेकसले — "चष्मा बदला म्हणून किती दिवस सांगतेय!" शेजारच्या खणातला गोरा सुद्धा वळून बघायला लागला.

मुनीरभाईंनी खाली वाकून गोळी उचलली. मग वेगळं पिस्तूल दिलं. मग त्याहून जड. मग हलकं. अण्णांचे कागद एकापेक्षा एक वाईट. मुनीरभाई हत्यारं बदलत राहिले, मीही सुचवत राहिले — मूठ जाड आहे, चाप कडक आहे, उजेड कमी आहे.

शेवटी अण्णा स्वतःच म्हणाले, "खलास. माझं झालं. तुमच्या वहिनींना घ्या आता."

२६ ऑक्टोबर

अंतरा म्हणाली, "आई, हॅवन्ट यू नोटिस्ड बाबाज् हॅन्ड?" मी म्हटलं, थकलेत. वर्कशॉप बंद करायचं म्हणजे खायचं काम आहे का? ती बघत राहिली. मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

गोल कागदाच्या जागी आज माणूस होता. काळ्या रंगाचा, डोकं, खांदे, छाती. चेहरा नाही.

माझा श्वास अर्ध्यावर थांबला आणि पुढे गेलाच नाही. माशी बरोबर छातीवर होती. हात हलत नव्हता. मला पक्कं माहीत होतं की लागणार. त्याचीच भीती वाटली! एवढंसं बोट, एवढंसं लोखंड, आणि त्या टोकाला एक माणूस मावतो. कुणाचा तरी मुलगा, त्याच्या शर्टाला कुणीतरी बटण लावलेलं. मी खाली ठेवलं. रिकामं करून, तोंड समोर, शिकवलं तसं.

मला वाटलं, मुनीरभाई रागावतील. ते म्हणाले, "वहिनी, ज्याला हे खाली ठेवावंसं वाटत नाही त्याला मी शिकवतच नाय. आधी दार लावायचं. मग ओरडायचं. मग फोन. पळता येत असेल तर पळायचं. पाटल्या मागितल्या तर द्यायच्या काढून. ते सगळं संपलं, आणि तुमच्या मागे कोणीतरी आहे ज्याला पळता येत नाही — तेव्हा. तेवढ्यासाठीच हे."

मागे वळून बघितलं. काचेमागे अण्णा, मांडीवर थर्मास, उजवा हात डाव्या हाताने धरलेला.

मी पुन्हा उचललं. सहा गोळ्या. सहाही लागल्या. बशीएवढ्या जागेत. आनंद झाला नाही, पण लाजही वाटली नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काल लक्ष्मीपूजन.

निरांजन लावायला अण्णांनी काडी ओढली. ज्योत वातीच्या आजूबाजूला नाचत राहिली, वातीवर जाईना. विझली. दुसरी. विझली. तिसरीला बोट भाजलं. अंतराने हातातून काडेपेटी घेतली आणि निरांजन लावलं. आरती झाली. प्रसाद झाला. मग अण्णा सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "दोघी बसा जरा."

कंपवात.

बरा होत नाही. गोळ्यांनी हळू होतो. आधी हात, मग चालणं, मग बोलणंही अडखळेल कदाचित. "घाबरण्यासारखं काही नाही, माणसं वीस-वीस वर्षं काढतात," असं वर्कशॉपातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत होते. अंतरा रडली. मराठीत रडली — "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?" लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मी रडले नाही. मी फाईल मागितली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कागद स्वतः वाचला. पहिल्या पानावर तारीख — बावीस एप्रिल.

एप्रिल! म्हणजे मेमध्ये गावाला गेलो, आंबे खाल्ले, सामंत काकूंना भेटलो, तेव्हा या माणसाला ठाऊक होतं! सगळं ठाऊक असून परवान्याचा अर्ज! हात थरथरणाऱ्या माणसाने पिस्तूल मागायचं — याला शहाणपण म्हणायचं? मी बोलले. खूप बोलले. हट्टी, अहंकारी, पुरुषी मिजास, जे तोंडात आलं ते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाच म्हणाले, "बोलून घे. पण शुक्रवार चुकवू नको."

६ नोव्हेंबर

रमजान सुरू. ईदपर्यंत क्लब बंद. बरं झालं.

२० नोव्हेंबर, बुधवार

गावाला जायचं नाही. मी ठरवलं आणि सांगून टाकलं. इथे डॉक्टर आहे, लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे. तिथे काय? सात फुटी खिडकी, तिघं पाणी मागायला येणार, आणि घरात एक शिंपीण आणि एक आजारी माणूस.

अण्णा म्हणाले, "व्हिसा माझ्या कामावर आहे. काम झेपेल तोवर इथे." खरं आहे. मग हळूच म्हणाले, "मला त्या खिडकीतून समुद्र बघायचाय. चालता येतंय तोवर." असं मागणं या माणसाने कधी मागितलं नव्हतं. मी उठून गेले. मशीनवर बसले आणि कापड नसताना पाय मारत राहिले.

भीती वाटते. लिहूनच टाकते — मला त्या घराची भीती वाटते, आणि या घरात अण्णा मनाने उरलेले नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ईद झाली, क्लब उघडला. जाणार नव्हते. अण्णा सकाळीच बूट घालून बसले. नाडी अंतराने बांधली.

मुनीरभाईंनी ईदची शेवयांची खीर डब्यातून आणली होती. आधी ती खाल्ली तिघांनी, काचेमागे, बंदुकांच्या आवाजात. मग ते आत गेले आणि एक जुना रिव्हॉल्वर घेऊन आले. बत्तीस. कुणाकडून तरी एका दिवसापुरता मागून आणलेला. मूठ लाकडाची, झिजलेली, अनेक हातांनी गुळगुळीत झालेली.

धरला आणि कळलं. हाच. ट्रायल घेताना एखादीच्या अंगावर पहिलाच कट बरोबर बसतो आणि टाचणी लावावी लागत नाही, तसं.

बारा गोळ्या. कागद परत आला तेव्हा मधोमध एकच भोक होतं, कडा फाटलेलं. मला वाटलं, बाकीच्या चुकल्या. मुनीरभाईंनी भोकात अंगठा घातला. "चुकली एकपण नाय. सगळ्या इथूनच गेल्या." त्यांचा आवाज बदललेला होता. "वीस वर्षं शिकवतोय, वहिनी. माशाल्ला."

मी तिथे उभी राहिले. हे मी केलं? ज्या बाईला गाडी चालवायची भीती वाटते तिने? कुणी वर बसून हे हात घडवले आणि मला पन्नास वर्षं सांगितलंच नाही!

काचेपलीकडे अण्णा उभे राहिले होते. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत. आवाज येत नव्हता. हात एकमेकांना नीट सापडत नव्हते, तरी वाजवत होते.

गाडीत मी म्हटलं, "आता तरी तो अर्ज रद्द करायला श्रीनाथ भाऊजींना कळवा. तुमच्या हातात हत्यार देणार नाही मी." अण्णांचे धाकटे भाऊ, गावचं सगळं तेच बघतात.

"माझ्या हातात देऊच नको," अण्णा म्हणाले. आणि पुन्हा सिग्नलला गुणगुणायला लागले. या माणसापुढे डोकं आपटावं का!

३ जानेवारी २००३, शुक्रवार

श्रीनाथ भाऊजींनी कुरियरने सगळ्या फाईलची झेरॉक्स पाठवली. वरती चिठ्ठी — "परवाना मंजूर. मूळ पुस्तिका वहिनींनी स्वतः येऊन घ्यायची आहे."

वाचलं. प्रत्येक पान वाचलं. फोटो माझा, मेमधला, घामेजलेला. नाव माझं. हवालदाराचा जबाब माझा, "राग येतो" सकट. अण्णांचं नावही आहे — "पतीचे नाव" या रकान्यात. अर्जाची तारीख सहा मे. खाली माझी सही, आणि तिच्याशेजारी खोडायची राहून गेलेली पेन्सिलीची फुली. वाकडी. थरथरलेली.

अण्णा दारात उभे आहेत, थर्मास घेऊन. "यल्ला, भामे! उशीर होतोय."

पिशवी खांद्याला लावली. पट्टा बरोबर बसतो.